चिंचेवरचं शेकरू

दगडोबाच्या सगळ्या सिंहांना मेंढीचं तोंड होतं. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि ज्यांच्या फाटकांवर ते सिंह बसले होते त्यांनाही ठाऊक होतं. पण एकदा सिमेंट वाळलं की सत्याचा फारसा उपयोग राहत नाही.

शिरूरहून निमोण्याच्या अंगाला गेलं की गारमाळचा फाटा लागतो. ऊस आणि कंपन्या आल्यापासून या पट्ट्यात बंगले उठले. बंगल्यांना फाटकं आली, आणि फाटक म्हटलं की दोन बाजूंना दोन सिंह लागतात. पाण्याच्या टाकीवर गरुड लागतो. ज्यांच्या गोठ्यात बैल उरले नाहीत त्यांना गच्चीवर बैलजोडी लागते. ही सगळी जनावरं दगडोबा करायचा. सळई वाकवून हाडं, त्यावर जाळीचं कातडं, त्यावर सिमेंटचं मांस. मिशा तारेच्या, डोळे काचेच्या गोट्यांचे.

त्याचा बाप मेंढपाळ होता. पोरपण सगळं कळपामागं गेलं. मेंढरं एकसारखी दिसतात असं ज्यांना वाटतं त्यांनी ती नीट पाहिलेली नसतात. दगडोबाला प्रत्येकीचा चेहरा वेगळा माहीत होता. कोण खाली मान घालून बघते, कोण उगीच रडवेली असते, कोण नुसतीच बघते आणि काही म्हणजे काही विचार करत नाही. मग कॅनॉलला पाणी आलं. बापाने कळप विकला, घोंगडी ट्रंकेत ठेवली आणि ऊस लावला. दगडोबाचं उसात मन लागेना. तो शिक्रापूरला एका बिहारी मिस्त्रीच्या हाताखाली लागला. मिस्त्री म्हणायचा, "पहले हड्डी, फिर मांस. चेहरा आखिर में. चेहरा भगवान का काम है."

दगडोबाने हे जरा जास्तच मनावर घेतलं असावं. पाय, आयाळ, छाती इथपर्यंत त्याचा हात त्याच्या ताब्यात असायचा. तोंडापाशी आला की हात आपोआप कळपात जायचा. पहिला सिंह ज्याने करवून घेतला तो शेतकरी मूर्तीभोवती बराच वेळ फिरला आणि म्हणाला, "जरा नरम वाटतोय."

"आत्ता जेवून बसलाय," दगडोबा म्हणाला.

शेतकऱ्याला ते पटलं. पुढे दगडोबाचा धंदा या एका उत्तरावर चालला. गरुड उपाशी असायचा, बैल दमलेला असायचा, नाग नुकताच कात टाकून आलेला असायचा. मेंढी मात्र कुणी सांगितली नाही. जे एकच जनावर त्याला डोळे मिटून करता आलं असतं, ते दारात बसवावं असं चाळीस वर्षांत एकालाही वाटलं नव्हतं.

त्याचा कारखाना म्हणजे फाट्यावरची चिंच. झाड कुणी लावलं ते कुणालाच माहीत नव्हतं आणि जागा रस्त्याची होती. बुंध्याला वाळूचा ढीग, पाण्याचा पिंप, आणि भोवती अर्धवट जनावरं: बिनमुंडक्याचे घोडे, एका पंखाचे गरुड. अनोळखी माणूस मोटारसायकल थांबवून विचारायचा, "इथं ॲक्सिडेंट झालाय का?" ताजं सिमेंट उन्हात ठेवलं की तडकतं. त्याला सावली लागते, ओलं गोणपाट लागतं आणि कुणाची घाई लागत नाही. या माळावर तशी सावली एवढ्या एकाच ठिकाणी होती. चिंच गेली तर दगडोबाचा धंदा गेला, इतकं ते सरळ होतं.

चिंचेवर खारी होत्या. आपल्याकडच्या साध्या, पाठीवर पट्टे असलेल्या. त्या दिवसभर चिंचोके खाली टाकत आणि ओल्या सिमेंटवरून धावत. दगडोबाच्या प्रत्येक जनावराच्या पाठीवर कुठे ना कुठे खारीची बारकी पावलं उमटलेली असत. त्याची बायको अनसाबाई म्हणायची, "सही हाय ती. तुमाला कुठं लिवता येतंय, म्हणून त्या करत्यात."

सरपंच मारुतराव फेब्रुवारीत तिथे आले, तेव्हा दगडोबा एका सिंहाला नाक लावत होता. मारुतराव चाळिशीचे, पांढऱ्या शर्टातले, आणि बोलताना दोन्ही फोनकडे आळीपाळीने बघणारे.

"आबा, मोठं काम आणलंय," ते म्हणाले. "फाट्याचा चौक करायचाय. सुशोभीकरण. वरून योजना आलीय, राज्यप्राण्याचं शिल्प बसवायचं. शेकरू."

"ते काय असतं?"

"खारच. पण मोठी. भीमाशंकरच्या जंगलात असती."

"आपल्याकडं तर बिबट्या हाय. त्याचा करू की. लोकांनी बघितलाय तरी."

"लोकांनी बघितलाय म्हणूनच नको," मारुतराव म्हणाले. "त्याचा पुतळा बसवला की पिंजरा कवा लावताय म्हणून विचारत्याल. शेकरूचं तसं नाही. त्याची कुणाची तक्रार नाही."

मग त्यांनी नकाशा उलगडला. मध्ये गोल, गोलात सिमेंटचं झाड, झाडावर शेकरू, खाली कारंजं. दगडोबाने नकाशा आडवा करून बघितला, उभा करून बघितला.

"आन् चिंच?"

"ती काढायची. गोलाच्या बरोबर मधी येती."

"म्हंजी झाड काढून झाड बसवायचं."

"आबा, ह्या झाडाला मेंटेनन्स हाय. पाला पडतो, चिंचा पडत्यात, पाखरं घाण करत्यात. सिमेंटच्या झाडाचा पाला पडतो का?" मारुतराव थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आन् काळ्या दगडाची पाटी बसणार हाय. त्यावर तुमचं नाव. शिल्पकार दगडोबा."

दगडोबाला आजवर लोक गवंडी म्हणत आले होते. काही जण सिमेंटवाला म्हणत. शिल्पकार हा शब्द त्याच्या कानात गेला आणि आत कुठेतरी जाऊन बसला. तो हो म्हणाला.

रात्री भाकरी थापता थापता अनसाबाईने विचारलं, "मंग काम कुठं करणार? त्या सिमटाच्या झाडाखाली?"

"बघू."

"सावली पडती का त्याची?"

"पाटी बसणार हाय."

"मंग पाटीच्या सावलीत बसा," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

शेकरू कसं असतं ते कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणून अभ्यासदौरा निघाला. गाडीत मारुतराव, दोन सदस्य, ग्रामसेविका साधना मॅडम, आणि मागच्या सीटवर स्टेपनीशेजारी दगडोबा. मंचरला मिसळ झाली, घोडेगावला चहा झाला, भीमाशंकरला दर्शन झालं, दर्शनानंतर जेवण झालं. अभ्यास उरला होता. सदस्यांना झोप येत होती. शेवटी एक वनरक्षक या सगळ्यांना देवळामागच्या रानात घेऊन गेला.

दगडोबाने इतकी झाडं एका जागी पाहिली नव्हती. त्याच्या मुलखात झाड म्हणजे एकटं उभं असलेलं काहीतरी. दोन झाडांच्या मध्ये ऊन असतं, रस्ता असतो, कुणाचा तरी बांध असतो. इथे जांभूळ आंब्यात शिरली होती, आंबा उंबरात, आणि वर नुसतं हिरवं छत होतं. खाली उजेड गाळून आल्यासारखा पडत होता. त्याला उगीच वाटलं की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता आलो आहोत.

"वर बघा," वनरक्षक म्हणाला.

फांदीच्या टोकाला काटक्या-पाल्याचा एक गोळा होता. ते घरटं. "एकाची अशी चार-पाच असत्यात," वनरक्षकाने सांगितलं. "बारीक फांदीवर बांधतंय, जड जनावर तिथवर पोचत न्हाई."

"एकाला पाच घरं?" एक सदस्य जागा झाला. "घरकुलात बसत न्हाई मग."

तेवढ्यात शेकरू दिसलं. मांजराएवढं, पाठ काळसर तांबडी, पोट दुधाळ, आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. ते मागच्या पायांनी फांदीला लटकून उलटं खात होतं. मारुतरावांचा फोन वाजला तसं ते सावध झालं आणि फांदीला चिकटून थिजलं. मग उडी मारली. दोन झाडांमधल्या पोकळीत ते क्षणभर तांबड्या फडक्यासारखं ताणलं गेलं आणि पलीकडच्या पानांत नाहीसं झालं.

"खाली येत न्हाई का?" दगडोबाने विचारलं.

"लई क्वचित. जन्म वरच जातो. फांदीला फांदी लागली पाहिजे. मधी रस्ता रुंद केला की हे अलीकडंच राहतंय."

"आमच्याकडं रस्ता चांगला हाय," मारुतराव फोन खिशात टाकत म्हणाले. "आलं तर गाडीनं आणता येईल."

साधना मॅडमनी सगळ्यांना झाडासमोर उभं करून फोटो काढला. फोटोत शेकरू नव्हतं. दौरा यशस्वी झाला.

येताना दगडोबा पुन्हा स्टेपनीशेजारी बसला होता. फांदीला चिकटलेलं ते तोंड त्याने डोळ्यांत धरून ठेवलं होतं आणि हवेत बोटांनी ते पुन्हा पुन्हा करत होता. टोकदार नाक, कानांवरचे केस, आणि काळे, ओले, आपल्याला ओळखतही नाहीत आणि घाबरतही नाहीत असे डोळे. घोडेगावपर्यंत सगळं होतं. मंचरला नाक गेलं. पाबळच्या पुढे कान गेले. शिरूरचे दिवे दिसले तेव्हा शेपूट तेवढी उरली होती, आणि तोंडाच्या जागी एक मेंढी शांतपणे रवंथ करत होती.

तरी त्याने जीव ओतला. शेपटीला जाळीवर ताग लावला, सिमेंटमध्ये बुडवला, एकेक केस सुटा केला. मारुतरावांना सिमेंटचं झाड रस्त्यावरून उठून दिसायला हवं होतं, म्हणून शेकरूही मांजराएवढं न ठेवता मेंढीएवढं करायचं ठरलं होतं. अंग झालं, पाय झाले, नख्या झाल्या. मग तोंड. केलं, तोडलं, पुन्हा केलं. साधना मॅडमनी नेटवरून शोधून फोनवर पाठवलेला शेकरूचा फोटो त्याने चिंचेला टेकवून समोर ठेवला. फोटोकडे बघेपर्यंत शेकरू असायचं. सिमेंटकडे वळलं की दुसरंच कुणीतरी वाट बघत असायचं.

मारुतराव बघायला आले. "शेपूट एक नंबर," ते म्हणाले. तोंडाकडे बघून जरा थांबले. "चेहरा ओळखीचा वाटतोय."

"आत्ता झोपेतनं उठलंय."

"असंल. लांबून चालंल. सोमवारी झाड तोडणारे येणार हायत. त्यांना आडवं येईल असं काही ठेवू नका."

दगडोबाने मान हलवली. मार्च संपत आला होता, ऊन अंगावर चालून येत होतं. रंगाचा हात दिला होता, पण शेपटीचं सिमेंट अजून आतून ओलं होतं. आदल्या दिवशी उसाचा एक ट्रॅक्टर मागे घेताना शेकरूला ठोकता ठोकता राहिला होता. खाली ठेवावं तर ट्रॅक्टर, बाहेर ठेवावं तर ऊन. म्हणून त्याने साखळी-कप्पी लावून ते चिंचेच्या बेचक्यात चढवलं, दोरीने आवळलं आणि पाठीवर ओलं गोणपाट टाकलं. हे कारण खरं होतं. दुसरं कारण त्याने अनसाबाईलाही सांगितलं नाही. ते एकदा तरी खऱ्या झाडावर बघावं, असं त्याला वाटत होतं. सोमवारनंतर ते जमणार नव्हतं.

रविवारी तो उरलेला रंग आणायला शिरूरला गेला. दुपार कलताना परत आला तेव्हा चिंच पिवळी झाली होती.

बुंध्यापासून बेचक्यापर्यंत भंडारा उधळलेला. खाली नारळ फुटलेले, उदबत्त्या त्याच्याच वाळूच्या ढिगात खोचलेल्या. धनगरवाडीची माणसं जमली होती आणि त्यांच्यापुढे म्हातारी रंगुबाई हात जोडून उभी होती. ती रविवारची म्हणून देवाला निघाली होती. फाट्यावर आली, सहज वर पाहिलं, तर चिंचेत मेंढी बसलेली. आणि मेंढीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रंगुबाईने कुणाला काही विचारलं नाही. असल्या वेळी विचारायचं नसतं.

"रंगुबाई," दगडोबा हळूच म्हणाला, "गोणपाटाचं पाणी हाय ते. आन् ते शेकरू हाय. पंचायतीचं."

"कोण शेकरू?"

"जंगलात असतंय. झाडावर राहतंय."

रंगुबाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धनगराच्या पोटचं तुमी, आन् मेंढी वळखंना व्हय?"

दगडोबाचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. चाळीस वर्षांत त्याचं जनावर कुणीतरी पहिल्या नजरेत ओळखलं होतं. जेवून बसलंय का, झोपेतून उठलंय का, कुणी विचारत नव्हतं. बायका तिच्या डोळ्यांकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. आणि दुसरं असं की भंडारा पडलेल्या झाडाला आपल्यातलं कुणी कुऱ्हाड लावत नाही. त्याने चिंचेकडे पाहिलं, तिच्या खालच्या सावलीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत कथा तयार झाली. बिरोबाच्या कळपातली एक मेंढी दुष्काळात चुकली होती, लांडगा मागे लागला होता, तेव्हा याच चिंचेने फांदी खाली करून तिला वर घेतलं होतं. शेपूट एवढी मोठी का, असं एका शहाण्याने विचारलं. चुकल्यापासून कुणी कातरलीच नाही ना, असं त्याला सांगण्यात आलं.

सोमवारी झाड तोडणारा आला. यंत्र खांद्यावरून उतरवलं, वर पाहिलं, कपाळाला हात लावला आणि यंत्र पुन्हा खांद्यावर घेतलं. "मी न्हाई लावत. दुसरा बघा. घरी लेकरं हायत."

मारुतराव तावातावाने आले. गाडीचं दार आपटलं. त्यांनी गर्दी पाहिली. गर्दीतली घरं त्यांनी मनातल्या मनात ओळखली, आणि पंचायतीची निवडणूक किती जवळ आली आहे तेही त्यांना आठवलं. मग त्यांनी वाकून चपला काढल्या.

"मला कालच स्वप्नात दिसली होती," ते म्हणाले.

पुढचं सगळं रीतसर झालं. साधना मॅडमना एकच चिंता होती, योजनेचं काय करायचं. तपासणीला जिल्ह्याहून साहेब आले. त्यांनी गंध लावून घेतलं, नारळ घेतला, वर पाहिलं. शेपूट दिसली. अहवालात आलं की गारमाळ येथे राज्यप्राणी शेकरूचे शिल्प नैसर्गिक अधिवासात बसवण्यात आले असून स्थानिक लोकांमध्ये वन्यजीवांविषयी मोठी आस्था निर्माण झाली आहे. अशा प्रकारे कागदावर ते शेकरू राहिलं आणि झाडावर मेंढी. दोघांचं एकमेकांशी कधी भांडण झालं नाही.

झाड वाचलं म्हणून दगडोबा खुशीत होता. आठवडाभराने मारुतराव आले तेव्हा तो नेहमीसारखा बुंध्याशी माल कालवत होता.

"आबा, आता इथं सिमेंट कालवायचं नाही," ते समजुतीने म्हणाले. "देवाचं ठिकाण झालं. ही मुंडकी-बिंडकी बरी दिसत नाहीत. भोवती कट्टा करू, फरशी, रेलिंग. तुमीच करा, दुसऱ्याला कशाला."

"आन् मी कुठं जाऊ?"

"हायवेला माझं पत्र्याचं शेड रिकामं हाय की."

"पत्रा तापतो, सरपंच. माल तडकतो."

"पाणी मारायचं जास्त."

दगडोबाने कालवलेल्या मालात थापी रोवली. मग म्हणाला, "पाटीचं बोलला होता तुमी."

मारुतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, तुमीच सांगा. मूर्ती स्वयंभू हाय. स्वयंभू मूर्तीला शिल्पकार कसा असंल?"

कट्टा दगडोबानेच बांधला. काळ्या दगडाची पाटीही त्यानेच बसवली. तिच्यावर मारुतरावांचं नाव होतं, सदस्यांची नावं होती, कट्ट्याला खडी देणाऱ्या क्रशरवाल्याचं नाव होतं. शेवटच्या दिवशी फरशी पुसून तो झाडाखाली जरा टेकला, तर रंगुबाई म्हणाली, "दगडोबा, चपला बाहेर." त्याने चपला बाहेर काढल्या. बाहेर ऊन होतं.

आता तो रविवारी अनसाबाईबरोबर रांगेत उभा राहतो. पुढे गेला की नमस्काराच्या निमित्ताने वर बघतो. खारींनी काही मानलेलं नाही. त्या शेकरूच्या शेपटीत बसून प्रसादाचं खोबरं खातात, आणि पाठीवर जिथे भंडाऱ्याचा थर कमी आहे तिथे सिमेंटमध्ये उमटलेली त्यांची पावलं अजून दिसतात.

"सही तेवढी राहिली," अनसाबाई कुजबुजली.

"गप," तो म्हणाला.

शेडमध्ये तो दिवसभर पाणी मारतो आणि जनावरं दिवसभर तडकतात. सिंहाच्या पाठीला भेगा, घोड्याच्या मानेला भेगा. काम मात्र वाढलं आहे. फाट्यावरच्या मेंढीची कीर्ती दौंडपर्यंत गेली आणि गेल्या महिन्यात तिकडचा एक बागायतदार मुद्दाम शोधत आला. फाटकावर सिंह नको म्हणाला, चिंचेवर आहे तशीच मेंढी पाहिजे.

दगडोबाने हातातली थापी खाली ठेवली. मेंढी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मेंढी सांगितली होती. त्याने फोटो मागितला नाही, मापं लिहून घ्यायला सांगितली नाहीत. सळई, जाळी, माल. तोंडापाशी आला तेव्हा त्याने डोळे मिटले आणि हात मोकळा सोडला.

हात त्या रानात गेला. नाक टोकदार निघालं. कानांवर केस उभे राहिले. डोळे काळे, ओले, ओळखत नाहीत आणि घाबरतही नाहीत असे. दगडोबा मागे सरकून बघत राहिला. त्याने ते तोडलं नाही.

बागायतदार टेम्पो घेऊन आला. पत्र्याखालच्या झळीत उभा राहून त्याने चहूबाजूंनी पाहिलं, घाम पुसला, पुन्हा पाहिलं.

"मामा, ही काय मेंढी वाटंना."

"उन्हात हाय ती," दगडोबा म्हणाला. "सावलीत ठिवा, मंग वाटंल."